लिंबाचा रस आणि नवं लिव्हर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतली पहाट, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी इथल्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्चीत बसलेलो. आत माझा मित्र. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासूनचा, हॉस्टेलचा रूम पार्टनर, पुढे माझ्या आधी दोन वर्षं अमेरिकेत आलेला. दोन दिवसांपूर्वी त्याचं यकृत बदललं होतं. दारूचा थेंबही न घेणाऱ्या माणसाचं यकृत का बिघडावं, हा प्रश्न तोपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. (उत्तर: यकृत बिघडायला दारूच लागते असं नाही.) आठ तास ऑपरेशन, रक्ताच्या अकरा पिशव्या, आणि कुणा अनोळखी अमेरिकन माणसाचं मरणोत्तर दिलेलं लिव्हर.

साडेचारच्या सुमारास वहिनी आतून बाहेर आल्या. हातात यंत्रातून निघालेली छोटीशी कागदी पट्टी, किराणा दुकानाच्या बिलासारखी. "तुम्हाला यातलं कळतं ना? बघा जरा. लाल बाण आहे."

मला "यातलं" कळतं असा आमच्या मित्रमंडळीत समज आहे, कारण माझी डॉक्टरेट रासायनिक सेन्सर्सवर आहे. द्रवात बुडवलेली काचेची किंवा धातूची नळी, तिच्यातून येणारे मिलिव्होल्ट आणि त्यावरून काढलेला आकडा, यात माझी पाच वर्षं गेली. पट्टीवर लिहिलं होतं: पीएच ७.५१, बायकार्बोनेट ३५. दोन्हींसमोर वर जाणारे लाल बाण. निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ आणि बायकार्बोनेट साधारण २४ असतं, एवढं मला पाठ होतं. पट्टीवर खाली लॅक्टेटचाही आकडा होता, १.३. त्याच्यासमोर बाण नव्हता, म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही.

तिकडे सांगली जिल्ह्यात दुपारचे तीन वाजले होते आणि मित्राचे वडील फोन हातात घेऊन बसले होते. काका निवृत्त शिक्षक. तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांच्याशी गोलगोल बोलून चालत नाही, म्हणून मी सरळ सांगितलं, "काका, रक्त अल्कलाइन झालंय. हे काही बरं लक्षण नाही." पलीकडे काही क्षण शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे आम्लारी? मग काय करायचं रे बाळ, लिंबू पाजायचं का?"

मला तेव्हा हसू आलं नाही. काकांनी फोन ठेवला आणि, नंतर कळलं, संध्याकाळपर्यंत ते देवघरासमोर बसून राहिले.

सकाळी सातला भूलतज्ज्ञ बाई राउंडवर आल्या. मी पट्टी पुढे केली. त्यांनी ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन दिवस आम्ही याच आकड्याची वाट बघत होतो. लिव्हर जागं झालंय."

मी पीएचवर डॉक्टरेट केलेला माणूस, आणि आकडा उलटा वाचला होता! त्या शरमेपोटी पुढचे काही महिने मी या कागदी पट्टीचा इतिहास वाचत बसलो. तो बराचसा अमेरिकेत घडलेला आहे आणि त्याची एक सुरुवात चक्क लिंबाच्या रसात आहे. काकांना हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित. रक्तात हायड्रोजनचे आयन किती असतात? लिटरला सुमारे ४० नॅनोमोल. याच रक्तात सोडियम असतं १४० मिलिमोल, म्हणजे ३५ लाख पटीने जास्त. पीएच ७.४ वरून ७.१ ला आला की हे आयन दुप्पट होतात आणि माणूस गंभीर अवस्थेत असतो. एवढीशी गोष्ट मोजायची कशी? १९०९ साली डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्ग बिअरच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएचची पट्टी आखून दिली, पण मोजमाप अवघडच राहिलं. पातळ काचेच्या फुग्याला पीएच कळतो, हेही लोकांना ठाऊक होतं. पण दर एका पीएचला मिळतात जेमतेम ६० मिलिव्होल्ट, आणि तेही काचेच्या प्रचंड रोधातून. ७.४ आणि ७.१ मधला फरक १८ मिलिव्होल्टचा. साधा गॅल्व्हानोमीटर तिथे आंधळा.

१९३४ साली कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या कॅलटेकमध्ये आर्नोल्ड बेकमन या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडे ग्लेन जोसेफ नावाचा जुना वर्गमित्र आला. तो संत्री-लिंबं पिकवणाऱ्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत कामाला होता. (सनकिस्ट हा ब्रँड त्यांचाच. आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखाच कारभार समजा.) त्याला लिंबाच्या रसाची आंबटाई मोजायची होती. रसात टिकण्यासाठी सल्फर डायॉक्साइड घातलेला, त्यामुळे लिटमस पांढरा पडायचा, हायड्रोजनचा इलेक्ट्रोड खराब व्हायचा आणि काचेचा फुगा वापरला तर तो सारखा फुटायचा. बेकमननी काय केलं, तर रेडिओत असतात तशा व्हॅक्यूम ट्यूब घेऊन एक अ‍ॅम्प्लिफायर बनवला. त्यामुळे छोटा, जाड, न फुटणारा फुगाही चालू लागला. जोसेफ खूश होऊन गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला, दुसरं यंत्र द्या म्हणून, कारण पहिलं त्याचे सहकारी पळवत होते. तेव्हा बेकमनच्या लक्षात आलं की हे विकता येईल. १९३५ पासून ते १९५ डॉलरला विकायला लागले. याच बेकमननी पुढे शॉकलीच्या ट्रान्झिस्टर प्रयोगशाळेला पैसा पुरवला आणि तिथून सिलिकॉन व्हॅली उगवली, ती वेगळीच कथा. थोडक्यात, आपल्या आयटीवाल्यांच्या घरची चूलही काही अंशी लिंबावर पेटली आहे. असो.

रसाचा पीएच मोजता आला म्हणजे रक्ताचाही मोजता आला, पण डॉक्टरांना त्याची फारशी निकड वाटत नव्हती. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९१७ सालीच रक्तातला एकूण कार्बन डायॉक्साइड मोजायचं उपकरण दिलं होतं, तेवढ्यावर भागत होतं. निकड कळली ती कोपनहेगनमध्ये, १९५२ च्या पोलिओच्या साथीत. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू गेलेल्या ३१ रुग्णांना यंत्रावर ठेवलं होतं. त्यातले २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायॉक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे. म्हणून डॉक्टरांचा समज असा, की रक्त अल्कलाइन होतंय, कारण अज्ञात. ब्यॉर्न इब्सेन हा तरुण भूलतज्ज्ञ नुकताच बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात शिकून परतला होता. तो म्हणाला, हे अल्कली नव्हे, साफ उलटं आहे. माणसं श्वास टाकू शकत नाहीत, वायू आत कोंडतोय, रक्त आम्ल होतंय. पीएच मोजल्यावर तो खरा ठरला. मग घशाला भोक पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत श्वास द्यायचा, असं सुरू झालं. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. अतिदक्षता विभाग ही कल्पना तिथून आली, असं मानतात.

हे वाचताना मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या आधी कोपनहेगनच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हाच आकडा एकटा वाचून गफलत केली होती, फक्त उलट दिशेने. त्यांनी आम्लाला अल्कली म्हटलं. मी अल्कली बरोबर ओळखली, पण ती कुठून आली हे विचारलं नाही.

पोलिओ अमेरिकेतही होताच. ओहायो स्टेट विद्यापीठात रिचर्ड स्टो यांच्याकडे असेच श्वास गेलेले रुग्ण होते आणि कार्बन डायॉक्साइड चटकन मोजायला काही नव्हतं. त्यांनी पीएचच्या काचेच्या फुग्यावर पातळ रबराचं आवरण चढवलं आणि आत शुद्ध पाणी ठेवलं. रबरातून वायू आत जातो, पाणी आंबट होतं आणि फुगा ते सांगतो. साधी सुंदर युक्ती! पण आकडा स्थिर राहत नव्हता. १९५४ साली मॅडिसनच्या एका परिषदेत स्टो यांनी हे सांगितलं तेव्हा श्रोत्यांत जॉन सेव्हरिंगहाउस होते. हा माणूस मूळचा भौतिकशास्त्राचा. दुसऱ्या महायुद्धात एमआयटीत रडारवर काम केलेलं. अणुबॉम्ब पडल्यावर त्यांनी ते क्षेत्र सोडलं आणि वैद्यकाकडे वळले. त्यांनी सुचवलं, पाण्यात थोडं बायकार्बोनेट घालून बघा की. म्हणजे चिमूटभर खायचा सोडा. घातला, तर यंत्र स्थिर झालं आणि संवेदनशीलता दुप्पट झाली. स्टो यांनी पेटंट घेतलं नाही. आमच्या धंद्यात आजकाल कुणी असं करत नाही.

ऑक्सिजनचं काम त्याच ओहायोत लेलँड क्लार्क यांनी केलं. त्यांनी रक्तात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारं कृत्रिम फुप्फुस बनवलं होतं, पण त्यातून बाहेर येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती हेच सांगता येईना, म्हणून त्यांचा शोधनिबंध परत आला. चिडून म्हणा की जिद्दीने, त्यांनी प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड आधी सेलोफेनमध्ये आणि मग पॉलिथिनमध्ये गुंडाळला. ते जमलं. १९६२ मध्ये त्यांनी त्याच आवरणाखाली साखर ओळखणारं एन्झाइम ठेवलं. तुमच्या घरात आजोबांचा ग्लुकोमीटर असेल तर त्याचा हा मूळपुरुष. साखरेच्या एन्झाइमऐवजी लॅक्टेटचं ठेवलं की लॅक्टेट मोजता येतं.

हे तीन इलेक्ट्रोड (पीएच, कार्बन डायॉक्साइड आणि ऑक्सिजन) सेव्हरिंगहाउस आणि त्यांचा तंत्रज्ञ फ्रीमन ब्रॅडली यांनी १९५७-५८ च्या सुमारास वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गरम पाण्याच्या एका टाकीत एकत्र बसवले. ते मूळ यंत्र आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. वहिनींच्या हातातली पट्टी त्याच्या पणतवंडाने छापलेली.

म्हणजे मोजायचं कसं हे साठ सालापर्यंत कळलं. पण त्या आकड्याशी यकृताचा काय संबंध? मी शाळेत शिकलो होतो की आम्ल-आम्लारीचा तोल फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. यकृताचं नाव त्यात नव्हतंच.

यकृताशिवाय प्राणी किती जगतो, हे मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या फ्रँक मान यांनी १९२१ च्या सुमारास कुत्र्यांवर पाहिलं. यकृत काढलेला कुत्रा काही तास ठीक असे, मग एकदम कोसळे. साखर टोचली की मिनिटभरात उठून उभा राही, शेपूट हलवी, काही तासांनी पुन्हा कोसळे. रक्तातली साखर यकृत पुरवतं हे त्यातून सिद्ध झालं. (त्या कुत्र्यांबद्दल वाचताना वाईट वाटतंच. या इतिहासात कुत्रे फार आहेत.) ही साखर यकृत बनवतं कशापासून, याचा एक धागा कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्याने सोडवला. दोघं प्रागहून आलेले, माझ्यासारखेच स्थलांतरित. स्नायू राबले की लॅक्टेट तयार होतं, ते रक्तातून यकृतात जातं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं आणि स्नायूंना परत पाठवतं. हे त्यांनी १९२९ मध्ये मांडलं, बफेलोत असताना. १९३१ मध्ये ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. तिथे कार्ल प्राध्यापक, तर तेवढंच काम करणारी गर्टी नाममात्र पगारावर साहाय्यक. तिला पूर्ण प्राध्यापकपद मिळालं १९४७ मध्ये, म्हणजे दोघांना नोबेल मिळालं त्या वर्षी.

आता गंमत बघा. लॅक्टेट स्नायूतून बाहेर पडतं ते एक हायड्रोजन आयन सोबत घेऊन. म्हणून फार पळालं की रक्त जरा आंबट होतं. यकृत लॅक्टेट उचलताना त्याच्याबरोबर एक हायड्रोजन आयनही उचलतं, की हिशेब चुकता. पण समजा, बाहेरून सलाइनमधून लॅक्टेट दिलं, हायड्रोजनऐवजी सोडियमशी जोडलेलं, तर? यकृताला आयन तर हवाच. तो ते रक्तातून घेतं. म्हणजे रक्तातलं आम्ल कमी होतं, जणू खायचा सोडाच दिला.

हे ज्याने वापरलं तो अ‍ॅलेक्सिस हार्टमन, त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात, सेंट लुईसच्या मुलांच्या इस्पितळातला बालरोगतज्ज्ञ. जुलाबाने सुकलेली, रक्त आंबट झालेली तान्ही मुलं त्याच्यासमोर येत. सोड्याचं सलाइन द्यावं तर तो उकळून निर्जंतुक करताना बिघडतो, त्याचा कडक कार्बोनेट होतो. हार्टमननी लंडनच्या सिडनी रिंगर यांच्या जुन्या मिठाच्या द्रावणात सोडियम लॅक्टेट घातलं. ते बाटलीत टिकतं आणि शरीरात गेल्यावर यकृत त्याचं सावकाश बायकार्बोनेट करतं. ही गोष्ट १९३२ ची. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात खाटेशेजारी जी "आरएल"ची बाटली टांगलेली असते, ती हीच: रिंगर लॅक्टेट. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुणा ना कुणाला ती लागलेली असते. तिचा सोडा बाटलीत नसून यकृतात तयार होतो, हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

आणि म्हणूनच यकृताच्या ऑपरेशनात सगळा डोलारा हलतो. सोडा बनवणारा कारखानाच बंद.

टॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरला कोलोरॅडो विद्यापीठात माणसावरचं पहिलं यकृतरोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा, जन्मतः पित्तनलिका नसलेला. रक्तस्राव थांबेना आणि मूल टेबलावरच गेलं. मे महिन्यात दुसरा रुग्ण, तो २२ दिवस जगला. त्या वर्षी डेन्व्हरला पाच जणांवर प्रयत्न झाले, बॉस्टनला एकावर, आणि १९६४ च्या जानेवारीत पॅरिसला एकावर. सातांपैकी एकही महिनाभर टिकला नाही. यकृत काढलेलं असताना पायांकडचं रक्त हृदयाकडे न्यायला प्लास्टिकच्या नळ्या जोडत. त्यातल्या गुठळ्याच पुढे फुप्फुसात जाऊन काही रुग्ण दगावले. जीव वाचवायला लावलेल्या नळीनेच जीव घेतला. सगळ्यांनी आपणहून हात आखडते घेतले आणि तीन वर्षांहून अधिक काळ कुणी हे ऑपरेशन केलं नाही.

१९६७ च्या जुलैत स्टार्झल यांनी पुन्हा सुरुवात केली. यकृताचा कर्करोग झालेली दीड वर्षाची मुलगी ४०० दिवस जगली. याच काळात डेन्व्हरला भूल देणारे अँटोनिओ अल्ड्रेटे हे मेक्सिकोतून आलेले डॉक्टर. त्यांचं नाव आज जगभर माहीत आहे ते मात्र दुसऱ्याच कामासाठी. ऑपरेशननंतर रुग्ण रिकव्हरी रूममधून वॉर्डात पाठवण्याजोगा झाला की नाही, याचे दहा गुण त्यांनी १९७० मध्ये ठरवून दिले: हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि रंग, प्रत्येकाला दोन. शाळेच्या तोंडी परीक्षेइतकं सोपं. पण यकृत बदललेल्या माणसाला ही परीक्षा पुरत नाही. त्याचा रंग बरा दिसेल, तो डोळे उघडेल, पण आतलं लिव्हर चालू झालंय का? ते सांगणार कोण?

जुनं यकृत काढलंय आणि नवं अजून जोडलेलं नाही, असा तासभर तरी काळ असतो. यकृतहीन काळ. त्यात लॅक्टेट साचत जातं, रक्त आंबट होतं. माझ्या मित्राचा पीएच तेव्हा ७.१९ होता आणि लॅक्टेट ९. पण एवढंच नाही. इथे पुन्हा लिंबू येतं.

दात्याचं रक्त पिशवीत गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इस्पितळात रिचर्ड लेविसन यांनी १९१५ मध्ये त्याचं सुरक्षित प्रमाण ठरवलं, तेव्हापासून रक्तपेढ्या शक्य झाल्या. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचंच क्षार. ग्लेन जोसेफ ज्याची आंबटाई मोजू बघत होता, तेच. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. एरवी यकृत ते झपाट्याने जाळून टाकतं, पण यकृतच नसताना पिशवीवर पिशवी चढली की कॅल्शियम घसरतं आणि हृदयाचा जोर जातो. सुरुवातीच्या काळात या ऑपरेशनांत रक्त पाण्यासारखं लागे. स्टार्झल १९८१ च्या सुमारास पिट्सबर्गला गेले. तिथल्या भूलतज्ज्ञांनी ऑपरेशन चालू असतानाच आयनिक कॅल्शियम मोजून १९८६ मध्ये हे नीट मांडलं. मोजायला काय, तर पुन्हा इलेक्ट्रोडच.

आता शेवटची पायरी. नवं लिव्हर जोडलं, चिमटे काढले, रक्त वाहू लागलं. ते लिव्हर बर्फातून आलेलं, गारठलेलं. ते काम करू लागलं तर काय करेल? समोर साचलेला माल उचलायला घेईल. लॅक्टेट, प्रत्येकाबरोबर एक हायड्रोजन आयन. आणि अकरा पिशव्यांचं सायट्रेट, प्रत्येकाबरोबर तीन. एकाच्या जागी तीन! म्हणजे लिंबाच्या आम्लाचा हा क्षार यकृतातून गेला की मागे सोडा सोडतो. दोन दिवसांत रक्त अल्कलाइन होतं, बायकार्बोनेट चढतं आणि लॅक्टेट उतरतं. तीन गोष्टी एकदम. लिव्हर न उठलेल्या रुग्णात उलटं होतं: लॅक्टेट चढतच राहतं आणि बाहेरून कितीही सोडा द्या, रक्त आंबटच.

अर्थात बायकार्बोनेट इतर कारणांनीही चढतं. लघवी होण्याची औषधं दिली, नाकातल्या नळीतून पोटातलं आम्ल बाहेर गेलं, तरीही. आणि फार चढलं तर तेही बरं नाही, त्यावर उपचार करावे लागतात. म्हणून त्या बाईंनी पीएच पाहिला आणि नजर लगेच खाली लॅक्टेटवर नेली. बाण नसलेल्या आकड्यावर! मी नेमका तोच सोडला होता. माझ्या प्रयोगशाळेत एक आकडा म्हणजे एक उत्तर असतं. बीकरमध्ये मी जे घातलं तेच असतं. त्यांच्या बीकरमध्ये दोन दिवसांपूर्वी काय काय ओतलं गेलंय, हे त्यांना आधी आठवावं लागतं.

या इतिहासाचा पुढचा भाग सुखाचा आहे. १९८० पासून स्टार्झल यांनी सायक्लोस्पोरिन हे शरीराचा विरोध दाबणारं औषध यकृतरोपणात वापरलं. वर्षभर जगणारे तोवर तीनात एक होते, ते दोन तृतीयांशांच्या पुढे गेले. १९८३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने हे आता प्रयोग नसून उपचार आहे असं मान्य केलं. २०२३ साली अमेरिकेत एका वर्षात दहा हजारांहून अधिक यकृतं बदलली गेली. भारतात कायदा १९९४ चा, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा जिवंत नातेवाईकच यकृताचा तुकडा देतो, कारण मरणोत्तर देणारे फार थोडे. स्टार्झल २०१७ मध्ये गेले. त्यांच्या आठवणींचं पुस्तक जमलं तर जरूर वाचा. त्या पहिल्या मुलाला ते कधी विसरले नाहीत, हे कळतं.

सलाइनचा वादही अजून चालूच आहे. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये क्लोराइड जास्त, त्याने रक्त थोडं आंबट होतं. २०१८ साली टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने अतिदक्षतेतल्या सुमारे सोळा हजार रुग्णांवर तुलना छापली. आरएलसारखी संतुलित द्रावणं दिलेल्यांमध्ये मृत्यू, डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचा टिकून राहिलेला बिघाड यांपैकी काही झालेले १४.३ टक्के, मिठाच्या सलाइनवाल्यांत १५.४. फरक छोटा, पण सलाइन लागतं किती जणांना याचा विचार करा. यकृताच्या रुग्णाला मात्र आरएल द्यावं का, यावर मला दोन डॉक्टरांनी दोन उत्तरं दिली.

त्या सकाळी बाई गेल्यावर मी आधी वहिनींना सांगितलं आणि मग सांगलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झालेली. पहिल्याच रिंगला उचलला गेला. मी एका दमात बोललो: काका, माझं चुकलं, लिव्हर चालू झालंय, रक्त अल्कलाइन आहे ते त्यामुळेच, रक्ताच्या पिशव्यांत लिंबातलं आम्ल असतं त्याचं लिव्हरने सोडा केलाय...

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा "हं" म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे लिंबू आधीच पाजलं होतं म्हण की." थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग, तीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात, "बरं, आता हे मला पहिल्यापासून नीट समजावून सांग. आणि समीकरणं लिहून पाठव."